ठिबकणारा गिझर आणि बुजवलेलं भोक: एका गळतीचा प्रकरण अभ्यास

ठिकाण वाकड, पिंपरी-चिंचवड. सात मजली सोसायटी, तिसरा मजला. बाथरूममध्ये दाराच्या वरच्या भिंतीवर २५ लिटरचा उभा स्टोरेज गिझर, २००० वॅटचा, आतून काचेचा लेप दिलेली पोलादी टाकी. वय सहा वर्षं. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. त्या टाकीत महापालिकेचं पवनेचं पाणी, सोसायटीच्या बोअरचं पाणी आणि टँकर असं सगळं एकत्र पडतं. २०१९च्या अखेरीपासून शहरात एक दिवसाआड पाणी असल्यामुळे बोअर आणि टँकरचा वाटा मोठा आहे. साध्या किटने तपासल्यावर या मिश्र पाण्याचा जडपणा लिटरमागे ४२० मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००मध्ये, २०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालतं. प्यायला चालणारं हे पाणी गिझरला मात्र जड जातं.

तक्रार डिसेंबरच्या मध्यावर आली. गिझरच्या खालच्या प्लास्टिकच्या झाकणातून पाणी ठिबकत होतं आणि बटण लावलं की पाच-सात मिनिटांत घरातली आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, पडत होती. आधी येऊन गेलेल्या प्लंबरने खालूनच पाहून निकाल दिला होता, "टाकी गेली काका, आता नवीनच घ्या." एका ओळखीच्या माणसाने गिझरची वायर आरसीसीबी वगळून थेट जोडायचा सल्ला दिला होता.

हा दुसरा सल्ला घरच्यांनी मानला नाही, हे फार बरं झालं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पडते याचा अर्थ फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत येत नाही, त्यातला काही ओलीतून किंवा गिझरच्या बॉडीतून अर्थिंगला जातो आहे. ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्या माणसाच्या आणि त्या करंटच्या मध्ये उभी असलेली वस्तू म्हणजे ती आरसीसीबी. तिला वगळायचं नसतं.

मागचा इतिहास

चौकशीत तीन गोष्टी कळल्या आणि तिन्ही महत्त्वाच्या निघाल्या.

एप्रिलमध्ये बाथरूमच्या टाइल्स बदलल्या. तेव्हा गिझरच्या गार पाण्याच्या तोंडाशी नवा मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह बसला. त्याआधी तिथे नुसता निपल आणि पाइप होता.

नोव्हेंबरच्या शेवटी, थंडी पडल्यावर, घरच्यांनी थर्मोस्टॅटची खुंटी शेवटपर्यंत फिरवली, म्हणजे सुमारे ७५ अंशांवर. त्याच आठवड्यात व्हॉल्व्हच्या बाजूच्या छोट्या भोकातून पाणी ठिबकायला लागलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला कुणीतरी ते भोक एमसील लावून बुजवलं. ठिबकणं थांबलं. दहा दिवसांनी खालच्या झाकणातून पाणी आलं.

अनुभवी माणसाला एवढ्यावरच संशय येतो. ते भोक गळतीचं नव्हतंच, पाण्याला बाहेर पडायची वाट होती.

पाणी फुगतं, त्याचा हिशोब

जुन्या घरांतला तांब्याचा बंब आठवून पाहा. नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी तोटीतून घंगाळात पडतं. गिझर याच तत्त्वावर चालतो. गार पाणी तळाशी शिरतं, वरचं गरम पाणी ढकललं जातं आणि टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेल्या आतल्या नळीतून नळाला येतं. फरक इतकाच की बंबाचं नरसाळं वर उघडं असतं आणि गिझर सगळीकडून बंद.

पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं २५ लिटर पाणी ७५ अंशांवर नेलं की सुमारे ५८० मिली जास्तीचं पाणी तयार होतं. अर्धा लिटर आणि वर. एप्रिलपूर्वी हे वाढीव पाणी गार पाण्याच्या लाइनमध्ये उलटं सरकून गच्चीच्या टाकीकडे जायचं, कुणाला पत्ताही लागायचा नाही. नव्या व्हॉल्व्हमध्ये नॉन-रिटर्न पडदा असतो, तो पाणी उलटं जाऊ देत नाही. त्याच व्हॉल्व्हला त्यासाठी दुसरी सोय दिलेली असते: आतला दाब ८ बारच्या आसपास गेला की स्प्रिंग उचलली जाते आणि जास्तीचं पाणी बाजूच्या भोकातून थेंबथेंब बाहेर पडतं.

म्हणजे गिझर चालू असताना ते भोक ठिबकणं हे व्हॉल्व्ह काम करत असल्याचं लक्षण आहे. उन्हाळ्यातही तो ठिबकत असणार. ३० अंशांचं पाणी ५० अंशांवर नेलं तर १९० मिली होतं आणि आंघोळीने ओल्या झालेल्या फरशीवर ते कुणाच्या लक्षात येत नाही. थंडीत पाणी गार, खुंटी शेवटाला, म्हणून प्रमाण तिप्पट झालं आणि दिसलं.

भोक बुजवल्यावर ते अर्धा लिटर पाणी कुठे जाणार? पाणी दाबलं जात नाही. दाब चढत राहतो आणि जो सांधा सगळ्यात कमजोर तिथून वाट काढतो. या गिझरमध्ये तो सांधा म्हणजे फ्लँजचं, म्हणजे कॉइल बसवलेल्या टाकीच्या तळाच्या धातूच्या झाकणाचं, सहा वर्षांचं रबरी गास्केट. तेच आधी गेलं हे घरच्यांचं नशीब. थर्मोस्टॅट अडकला, पाणी फार तापलं की वीज तोडणाऱ्या थर्मल कट-आउटनेही दगा दिला आणि व्हॉल्व्ह बुजलेला असला, तर बंद टाकीतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही दाबाखाली पाणीच राहतं. टाकी फाटली की दाब एकदम उतरतो आणि त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. गिझर भिंत फोडतो तो असा. एमसीलचा तो वाटाण्याएवढा गोळा या घरातली सगळ्यात धोकादायक वस्तू होता.

टाकी की गास्केट: तपासणी

सुरुवात विजेपासून. एमसीबी खाली, प्लग सॉकेटमधून बाहेर. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर बटण बंद असूनही कॉइलला फेज राहतो.

मग गार पाण्याचा अँगल कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडला. बंद कॉक असूनही नळातून जोरात चिळकांडी आली, पाव कपभर पाणी पडलं आणि थांबलं. आत अडकून बसलेला दाब तो. ही पायरी सोडून कुणी थेट नटाला पाना लावला असता तर ते पाणी तोंडावर आलं असतं.

खालचं झाकण दोन स्क्रूंनी निघालं. आत फ्लँजच्या कडेला दोन नटांच्या मध्ये पांढरा ओघळ वाळलेला होता, तिथून खाली टर्मिनलपर्यंत आलेला. तांब्याच्या वायरीची टोकं हिरवी पडली होती. आरसीसीबी का पडते ते इथेच कळलं.

पण ओघळ म्हणजे पुरावा नाही. टाकीला भोक पडलं तरी पाणी टाकीभोवतीच्या उष्णता धरून ठेवणाऱ्या फोममधून झिरपत खाली इथेच येऊ शकतं. म्हणून सगळं कोरडं पुसलं, फ्लँजभोवती टिश्यू पेपरची गोल कडी ठेवली, दुसरी कडी पिवळ्या फोमच्या कडेला आणि तिसरी बाहेरच्या पत्र्याच्या खालच्या सांध्याला चिकटवली. मग वीज बंदच ठेवून कॉक उघडला. तिसऱ्या मजल्यावर या इमारतीत उंचीचा दाब दीड बारच्या आसपास येतो. चार मिनिटांत पहिल्या कडीवर, बरोबर त्या दोन नटांच्या मध्ये, डाग उमटला. तासाभरानंतरही फोमची आणि पत्र्याची कडी कोरडी. खाली मोजपात्र ठेवलं होतं. मिनिटाला पंधरा थेंब, तासाला ४५ मिली, म्हणजे दिवसाला लिटरभर.

टाकी फुटली असती तर चित्र वेगळं असतं. फोम ओला आणि जड लागतो, पाणी तांबूस येतं, पत्र्याच्या सांध्यावर गंजाची रेघ दिसते आणि फ्लँज कोरडा राहूनही ठिबकणं चालू राहतं. तसं असेल तर खर्च करू नये. काचेचा लेप असलेल्या टाकीला वेल्डिंग केलं की आतला लेप तडकतो आणि बाहेरून लावलेली कुठलीही पुट्टी दाबाखाली टिकत नाही. तेव्हा नवीन गिझर हाच सल्ला योग्य. इथे तो घाईने दिला गेला होता.

(खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल होती आणि तिचा दोषही गिझरवर आला होता. दिवसाचं लिटरभर पाणी फरशीवर पडून नहाणी ट्रॅपमध्ये जातं, त्याच फरशीवर आंघोळीच्या बादल्या रोज ओतल्या जातात. ओल ट्रॅपच्या सांध्यातून होती. ते काम वेगळं झालं.)

टाकी रिकामी करताना

एरवी मल्टिफंक्शन व्हॉल्व्हची दांडी उचलली की टाकी रिकामी होते. इथे भोकच बंद, म्हणून गार पाण्याचा पाइप सोडवला. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवावा लागतो, नाहीतर हवा आत जात नाही आणि पाणी अडकून बसतं. २५ लिटर म्हणजे दोन मोठ्या बादल्या, बारा मिनिटं लागली. शेवटचे दोन-तीन लिटर ताकासारखे पांढरे आले.

फ्लँजचे सहा नट, १० नंबरचा पाना. सोडवण्याआधी वायरींचा फोटो काढला. थर्मोस्टॅटची नळी, कट-आउट आणि कॉइलच्या जोडण्या पुढे आठवत नाहीत आणि अंदाजाने जोडलेला कट-आउट असून नसल्यासारखा होतो. नट एकदम न काढता सगळे थोडे थोडे सैल केले, कारण फ्लँजच्या वर दीड-दोन लिटर पाणी आणि गाळ उरलेलाच असतो.

फ्लँज उतरला तेव्हा कॉइल दिसतच नव्हती. तिच्या वेटोळ्यांवर चार मिलिमीटरचा खडबडीत राखाडी-पांढरा थर होता आणि दोन वेटोळी एकमेकांना चिकटून एक झाली होती. टाकीच्या तळाशी खपल्यांचा ढीग. सगळं वाळवून तोललं तेव्हा एक किलो चारशे ग्रॅम भरलं. अ‍ॅनोडच्या जागी उरली होती एक बारीक पोलादी तार आणि तिच्या बुडाशी शेंगदाण्याएवढा मॅग्नेशियमचा तुकडा.

ही तार पाहून थांबावं असं दृश्य आहे. मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड टाकीच्या आधी स्वतः झिजतो. काचेच्या लेपात सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहिलेलीच असतात आणि तिथलं पोलाद गंजू नये म्हणून हा रॉड आपला बळी देतो. तो संपला की पुढचा नंबर टाकीचा. बोअरच्या पाण्यावर तो दर वर्षी पाहावा आणि निम्म्याहून जास्त झिजला असेल तर बदलावा. सहा वर्षांत या घरी कुणीही तो पाहिला नव्हता आणि बहुतेक घरांत हेच होतं. आतून टॉर्चने पाहिलं तर टाकीचा लेप शाबूत होता, फक्त फ्लँजच्या तोंडाशी कडेला तांबूस छटा धरू लागली होती. अजून एक हिवाळा गेला असता तर हा लेख टाकी फुटल्याचा असता.

काय बदललं, काय ठेवलं

कॉइलबद्दल विचार करावा लागला. २३० व्होल्टवर २००० वॅटच्या कॉइलचा रोध साडेसव्वीस ओहम यायला हवा आणि तो तसा आला. नुसता मल्टिमीटर लावणारा माणूस इथे कॉइल ठीक म्हणेल. पण ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, कॉइल आणि तिचं धातूचं आवरण यांच्यातलं इन्सुलेशन ०.२ मेगओहम निघालं. निदान १ तरी हवं. कधी कधी टोकाच्या सीलमधून आतल्या पावडरमध्ये दमटपणा शिरलेला असतो आणि कॉइल दिवसभर उन्हात वाळवली की आकडा सुधारतो. म्हणून वाळवण्याआधी थर काढायला अडीचशे ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड पाच लिटर कोमट पाण्यात घालून त्यात कॉइलची वेटोळी दोन तास बुडवली, टर्मिनलची बाजू पाण्याबाहेर ठेवून. थर फेसाळत उतरला आणि खाली तांब्याच्या आवरणावर हिरवे खड्डे दिसले. मग वाळवून पाहायची गरज उरली नाही, कॉइल बदलली.

संडास धुण्याचं अ‍ॅसिड यासाठी वापरू नये. ते थर झटपट काढतं आणि त्याच झपाट्याने लेपाच्या छिद्रांतलं पोलादही खातं. टाकीच्या आतला गाळ हाताने आणि लाकडी उलथन्याने काढला. लोखंडी पट्टीने खरवडलं तर लेपाचे टवके उडतात.

गास्केट चपटं, दगडासारखं कडक, एका ठिकाणी चिरलेलं. नवं घेताना जुनं बरोबर न्यायचं, कारण फ्लँजचा घेर आणि भोकांची जागा मॉडेलप्रमाणे बदलते. फ्लँजच्या बैठकीवर चिकटलेले रबराचे आणि क्षारांचे कण कापडाने पूर्ण काढले. एक कण राहिला तरी गळती परत येते. गास्केटला सिलिकॉन लावला नाही. सिलिकॉनवर रबर घसरतं आणि पुढच्या वेळी फ्लँज निघत नाही. नट समोरासमोरच्या जोडीने, दोन फेऱ्यांत आवळले. एका बाजूने ओळीने आवळत गेलं की दुसरी बाजू उचलली जाते, जुन्या गळतीची जागा तशीच होती.

मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह नवा, अर्ध्या इंचाचा, ८ बारचा, गिझरच्या निळ्या तोंडाला थेट लावलेला, बाण टाकीकडे. आट्यांवर टेफ्लॉनचे दहा-बारा वेढे, आटे आवळायच्या दिशेने. व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कॉक कधीच लावायचा नाही. तो चुकून बंद राहिला तर पुन्हा बुजवलेल्या भोकाचीच अवस्था. ठिबकण्याच्या भोकाला पारदर्शक नळी जोडून उतार देत खाली ट्रॅपजवळ नेली, टोक उघडं आणि पाण्याच्या वर. लोकांना खरा त्रास ठिबकण्याचा नसतो, ते डोक्यावर ठिबकण्याचा असतो, आणि तो या एका नळीने संपतो.

हिरव्या पडलेल्या वायरी दोन सेंटिमीटर मागे कापून नव्या थिंबल लावल्या, दोन्ही जोडपाइप आणि त्यांच्या रबरी वायसर बदलल्या, बॉडीपासून सॉकेटच्या अर्थपर्यंत जोडणी मीटरने तपासली.

खर्च: कॉइल ७५०, अ‍ॅनोड ३००, गास्केट ८०, व्हॉल्व्ह ३५०, दोन जोडपाइप ३००, सायट्रिक अ‍ॅसिड ६०, मजुरी ८००. एकूण २,६४० रुपये. टाकीचा लेप उडालेला असता किंवा गिझरला दहा वर्षं झाली असती तर हे पैसे घालू नका असंच सांगितलं असतं.

भरणं आणि पुन्हा मोजणं

आधी गरम पाण्याचा नळ उघडा, मग अँगल कॉक. नळातून फुरफुर करत हवा येते, मग तुटक पाणी, मग अखंड धार. इथे चार मिनिटं लागली. धार अखंड झाल्याशिवाय प्लग लावायचा नाही. कोरड्या टाकीत नवी कॉइल मिनिटभरात जळते.

अर्धा तास गार दाबावर ठेवून टिश्यूच्या तिन्ही कड्या पाहिल्या, कोरड्या. मग खुंटी ५५ अंशांच्या आसपास आणून गिझर लावला. ६०च्या वर क्षार फार वेगाने बसतात, आणि ५०च्या खाली साठवलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात, म्हणून मधली जागा. बारा मिनिटांनी पारदर्शक नळीत पहिला थेंब सरकला. २० वरून ५५ अंशांना २५ लिटरमागे हिशोबाने ३१५ मिली यायला हवं. नळीखाली ठेवलेल्या बाटलीत २९० भरलं. बाकीचं जोडपाइप थोडे फुगून मावतं. ३२व्या मिनिटाला थर्मोस्टॅटने वीज तोडली आणि त्याबरोबर ठिबकणंही थांबलं. गिझर बंद असतानाही नळी ठिबकत राहिली असती तर व्हॉल्व्हच्या बैठकीत खडा अडकला असं समजून दांडी दोन-तीनदा उचलून सोडावी लागली असती.

गास्केट पहिल्या तापण्यात बसकण मारतं. म्हणून दुसऱ्या दिवशी प्लग काढून, पाणी निवल्यावर नट पाव-पाव फेरा आवळले. दोन महिन्यांनी झाकण उघडलं तेव्हा फ्लँज कोरडा होता, मेगरवर २० मेगओहमच्या वर आकडा होता आणि आरसीसीबी मधल्या काळात एकदाही पडली नव्हती. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने अ‍ॅनोड बसवल्याची तारीख लिहिली आहे आणि खाली पुढच्या तपासणीचा महिना, नोव्हेंबर.